बाजेखालची शेगडी आणि कोपऱ्यातला हीटर

जुन्या घरांत बाळंतिणीची खोली तिच्या वासावरून ओळखू येई. सुंभाने विणलेली बाज, तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी आणि निखाऱ्यांवर टाकलेला चिमूटभर ओवा. तापलेली हवा वर चढे, निखाऱ्यांची धग विणीतल्या फटींमधून थेट पाठीला लागे. खोली गार राहिली तरी बाळंतीण शेकून निघे. ऊब नेमकी कुठे हवी, याचा एवढा विचार आज हीटर आणताना क्वचितच होतो. हीटर जिथे प्लग असेल तिथे, बहुतेक वेळा रिकाम्या कोपऱ्यात बसतो.

निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेला आहे. तिथले बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. नाशिक-पुण्याच्या घरांतही डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बोचतात. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘खोली केवढी आहे?’ मला वाटते, त्याआधी विचारायला हवे की त्या खोलीत तुम्ही बसता कुठे आणि किती वेळ.

थोडा हिशेब मांडू. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतल्या हवेचे वजन भरते जेमतेम 40 किलो. एवढी हवा दहा अंशांनी तापवायला 2000 वॉटच्या हीटरला कागदावर साडेतीन मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात तासभर हीटर लावूनही हुडहुडी जात नाही, कारण त्या हवेभोवती नऊ इंची विटांच्या भिंती आहेत. चार भिंतींचे वजन 17 टनांच्या आसपास जाते आणि त्या केवळ एका अंशाने तापवायला सुमारे 4 युनिट लागतात, म्हणजे तोच हीटर सलग दोन तास. रात्रभर गारठलेली भिंत खोलीतल्या हवेची ऊब शोषून घेत राहते. शिवाय आपल्या अंगातून सतत बाहेर पडणारी उष्णता गार भिंतीकडून पुरेशी परत येत नाही. म्हणूनच हवा 22 अंशांवर असतानाही बाहेरच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला काकडायला होते.

विजेवर तार तापवणारा कोणताही हीटर, स्वस्त असो की महाग, एका युनिटमधून एका युनिटइतकीच उष्णता देतो. फरक पडतो तो ती उष्णता आपल्यापर्यंत येते कशी, यात. लालभडक कांडीचा किंवा हॅलोजनचा हीटर शेगडीच्या जातीचा. त्याची धग हवेला फारशी न तापवता समोरच्या अंगावर पडते. सकाळी पेपर वाचणाऱ्या आजोबांना, अभ्यासाला बसलेल्या मुलीला तो उत्तम; पण समोरून उठले की ऊबही संपली. पंख्याचा ब्लोअर लहान, बंद खोली पटकन तापवतो. मात्र तो तापवतो ती हवा, त्यामुळे बंद करताच गारवा परततो. तेलाचा हीटर तापायला अर्धा तास घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो. त्याला आवाज नाही, उजेड नाही, म्हणून झोपायच्या खोलीत तोच बरा. यातले तेल जळत नाही. ते केवळ उष्णता साठवते, त्यामुळे पुन्हा भरावेही लागत नाही.

एसी घ्यायचाच असेल तर गरम-थंड दोन्ही करणारा पाहा. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमागे तीनेक युनिटांची ऊब मिळू शकते. फक्त तो छताजवळ असतो आणि गरम हवा वर चढते, तेव्हा त्याच्या पट्ट्या खाली वळवायला विसरू नका.

आता जागा. काचेला टेकलेली हवा गार होऊन खाली घसरते आणि फरशीवरून पायांशी येते. युरोपातल्या घरांत रेडिएटर खिडकीखाली बसवण्याची रीत पडली ती यासाठीच: उतरणाऱ्या गारव्याला तिथेच गाठायचे. आपल्याकडे तेलाचा हीटर तसा ठेवता येतो, पण जमिनीपर्यंत लोंबणारा पडदा आधी वर बांधा. ऊब पडद्यामागे अडकून काचेतून बाहेर जाते आणि कापड पेटण्याची भीती वेगळीच. कोणत्याही हीटरपासून पडदे, गादी, कागद तीन फूट दूर असावेत. आणि 2000 वॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. त्याला सोळा अँपिअरचा पॉवर प्लगच हवा.

हीटरमुळे खोलीतला ऑक्सिजन जळतो, अशी समजूत घरोघरी आहे. विजेच्या हीटरात काहीच जळत नाही. घसा कोरडा पडतो तो वेगळ्या कारणाने: दहा अंशांवरची ऐंशी टक्के दमट हवा 22 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते. कोपऱ्यात पाण्याचे पसरट भांडे ठेवले तर थोडा फरक पडतो.

जळण्याची भीती खरी आहे ती शेगडीच्या बाबतीत. कौलांच्या फटीतून धुराला वाट मिळे, त्या घरांत बाजेखालची शेगडी खपून गेली. आजच्या स्लॅबच्या, खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत तीच शेगडी जीव घेते. धूर थांबल्यावरही निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. बाळ-बाळंतिणीच्या हौसेपोटीसुद्धा बंद खोलीत रात्री निखारे ठेवू नका.

ऊब हवी तिथेच देण्याचे बाजेखालच्या शेगडीचे गणित मात्र तेलाच्या हीटरवरही चालते. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवा, फरशीवर सतरंजी अंथरा, झडपेची फट बुजवा, पण हवा खेळायला एक झरोका उघडा राहू द्या. झोपण्याआधी अर्धा तास हीटर लावा आणि पांघरूण घेतल्यावर बंद करा. तेलात साठलेली ऊब झोप लागेपर्यंत पुरते.