काचपेटींतील जलोद्यान व जपानी पुष्परचना

काचेच्या पेटींत शोभेकरितां मासे पाळण्याचा छंद जुना आहे. परंतु तीच पेटी पाण्याखालील बाग समजून लावावी, ही दृष्टि जपानांतील निइगाता प्रांताचे ताकाशि आमानो (१९५४–२०१५) यांनी रूढ केली. हे गृहस्थ आधीं सायकल-शर्यतींतील खेळाडू व पुढें छायाचित्रकार. दगड मांडण्याची रीत त्यांनी जपानी उद्यानांतून घेतली. पण तिचें मर्म पुष्परचनेवरून, म्हणजे इकेबानावरून, लवकर ध्यानांत येतें.

सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ सालीं स्थापिलेल्या सोगेत्सु संप्रदायांत तीन मुख्य डहाळ्या असतात. भांड्याच्या रुंदी-उंचीच्या बेरजेची दीडपट ती ‘शिन’, तिची पाऊण ‘सोए’ व हिचीही पाऊण ‘हिकाए’. पेटींत दीडपटीचा नियम चालत नाहीं. पाण्याची उंची आड येते. पाऊणीचें प्रमाण मात्र चालतें. पेटी ६० सेंटिमीटर लांब असेल व पाणी ३० सेंटिमीटर, तर मुख्य दगड सुमारें २०, दुसरा १५ व तिसरा ११ सेंटिमीटर घ्यावा. मुख्य दगड मध्यावर न ठेवितां एका कडेपासून ३७ सेंटिमीटरवर ठेवावा. संख्या विषम असावी. मोकळी जागा भरून काढण्याचा मोह आवरावा. जपानी लोक तिला ‘मा’ म्हणतात व रचनेचा भागच मानितात.

येथवर साम्य आहे. खरी अडचण पुढेंच. तोडलेलें फूल चार दिवसांत सुकतें, तें वाढत नाहीं; पेटींतील रोप वाढतें व कांहीं आठवड्यांत लहान दगड झांकून टाकितें. मग मोजमाप कुठलें? म्हणून आमच्या मतें या कलेंत मांडणीपेक्षां कात्रीच श्रेष्ठ, आणि द्राक्षबागाइतदारांस हें पटवून द्यावयास नको. भारतांतील भातखाचरांतूनही उगवणारी गोल पानांची रोटाला घ्या. शेंडा खुडला कीं खालीं नवे फुटवे येतात, व खुडलेला शेंडा वाळूंत खोंचला कीं मुळें धरितो.

उजेड दिवसांतून सुमारें आठ तास पुरे. उजेड फार व पोषण थोडें, अशा स्थितींत शेवाळ माजतें; तें खाणाऱ्या एका झिंग्यास आमानो यांचेंच नांव पडलें आहे. ते पाण्यांत कर्बवायूही सोडीत. मात्र रात्रीं तो बंद ठेवावा, नाहींतर मासे गुदमरतात.

दगड निवडतांना शिरक्याचे चार थेंब टाकून पाहावे. फेंस आल्यास त्यांत चुना आहे. असा दगड पाणी जड करितो, तो बाजूस ठेवावा.