हाताची सूज आणि शिकलेला थेरपिस्ट

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिले, की काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या बाजूचा हात सुजू शकतो. लसिकावाहिन्यांतून परतणारा द्रव ऊतींत साठतो, हाच लिम्फेडेमा. हत्तीरोगात पायाचे असेच होते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हा यावरचा इलाज नाही. उपचाराची अंगे चार: त्वचेची निगा, हलक्या हाताने लसिकेचा निचरा, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे थर आणि पट्टी बांधूनच व्यायाम. निचऱ्याची पद्धत डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात विकसित केली. जोरकस मालिश म्हणजे हा उपचार नव्हे.

म्हणूनच फिजिओथेरपीच्या पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण लागते. अमेरिकेत प्रमाणपत्र परीक्षेसाठी १३५ तासांचा अभ्यासक्रम मागतात. त्यात हाताचा घेर टेपने मोजणे, मनगटाकडे जास्त व खांद्याकडे कमी दाब ठेवून पट्टी बांधणे शिकवतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी किंवा आटोक्यात नसलेला हृदयविकार असेल तर थांबायचे, हेही शिकवतात.

पट्ट्या बांधण्याचे उपचार बहुधा रोजचे, काही आठवडे चालणारे. इंदापूर तालुक्यातील गावातून रोज पुण्याला जाणे शेतमजूर बाईला परवडत नाही. त्या मानाने जवळच्या बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणून बारामती-इंदापुरातील थेरपिस्टना असे प्रशिक्षण मिळायलाच हवे. तोवर हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, तर डॉक्टरांना लगेच दाखवा आणि थेरपिस्टला निःसंकोच विचारा: तुम्ही लिम्फेडेमाचे प्रशिक्षण घेतले आहे का?