वाळल्या दाण्यातील चिठ्ठ्या

कणगीतले गेल्या हंगामाचे बी शेतकरी पेरतो आणि वाफसा चांगला असला की चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. यात आपणांस नवल वाटत नाही. पण महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या त्या दाण्याला, पाणी लागताच काय करावे, हे सांगते कोण?

पेशीचा कारभार असा : मूळ लेख डीएनएत, तो केंद्रकात बंद. त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने बाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिने बनतात. तेव्हा भिजलेले बी आधी नकला करावयास बसत असेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या ड्यूर आणि वॉटर्स या दोघांनी १९६५ साली सरकीवर उलटेच दाखविले. नवी नक्कल होऊच न देणारे ॲक्टिनोमायसिन त्यांनी सरकीतील गर्भांना दिले. तरी प्रथिने बनत राहिली! म्हणजे दाणा बोंडात भरत असतानाच चिठ्ठ्या लिहून ठेवलेल्या होत्या. पुढे २००४ साली मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपाच्या बियांवर फ्रान्समध्ये हेच दिसले. नकला रोखल्या तरी मूळ बाहेर आले. प्रथिने बनणेच रोखले, तेव्हा मात्र बी रुजले नाही.

आता खरी अडचण. आरएनए फार नाजूक. पेशीतील विकरे त्याचा बघता बघता फडशा पाडतात. मग चिठ्ठी टिकते कशी? ती उघडी नसते म्हणून. आरएनएला बिलगून राहणारी प्रथिनांची एक जातच आहे. कोणती चिठ्ठी जपावयाची, कोणती मोडीत काढावयाची, कोणती केव्हा वाचू द्यावयाची, हे बरेचसे त्यांच्या हाती.

आपल्या पानातल्या भाताचेच घ्या. दाणा भरताना त्यात ग्लुटेलिन आणि प्रोलामिन ही साठ्याची प्रथिने बनतात, आणि त्यांच्या चिठ्ठ्या एकाच पेशीत दोन निरनिराळ्या जागी पोचाव्या लागतात. ही हमाली याच जातीकडे. (हमाल खरे, पण पत्ता वाचणारे!) त्यांतील आरबीपी-पी नावाच्या एकात बिघाड असलेली भाताची रोपे तपासली, तेव्हा चिठ्ठ्या भलत्याच ठिकाणी सापडल्या.

वेष्टण असले तरी चिठ्ठी अमर नव्हे. अनेक वर्षे साठविलेल्या सोयाबीनच्या बियांत आरएनएचे तुकडे पडलेले आढळले आहेत, आणि तेही उगवण घटण्याच्या आधीपासून. बी दिसावयास टपोरे, पेरल्यावर मात्र रान रिकामे, या फसगतीत शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. बियाणे उतरणीला लागल्याची खूण पेरणीपूर्वीच मिळावी, म्हणून आता या तुकड्यांकडे लक्ष दिले जात आहे.