नाकारलेली अपंगत्व पेन्शन : दाद कोठे मागावी?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक मुलगा उसाच्या फडात, तर दुसरा पलटणीत. म्हणून हा विषय.

अष्टमीला राहणारे आपल्या एका सभासदाचे मेहुणे परवा भेटले. लष्करात आठ वर्षे काढली, पुढे फिट येऊ लागल्या म्हणून २००९ साली घरी धाडले. मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरले, पण आजार ‘सेवेमुळे झालेला नाही व सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला. पेन्शन नामंजूर! पत्र ट्रंकेत पडून. म्हणाले, “डॉक्टरनंच लिहिलंय, आता काय बोलायचं?”

बोलायचे पुष्कळ आहे. धरमवीर सिंग या जवानाची कथा अगदी अशीच. १९८५ला भरती, १९९४ला फिटच्या आजाराने घरी, अपंगत्व २० टक्के. उच्च न्यायालयात एकदा जिंकले, एकदा हरले. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्यायालय म्हणाले, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असेच धरावे. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही. बोर्डाने कारणे द्यावीत. नुसता शेरा पुरत नाही. (सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, ते वेगळे पाहावेत.)

वाट अशी. आधी खात्याकडे पहिले अपील, मग दुसरे. सहा महिने उत्तरच आले नाही तरी पुढे जाता येते. पुढे म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण; २००७च्या कायद्याने झालेले. आपल्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत. अंतिम नकारापासून मुदत सहा महिने. उशीर झाल्यास कारण देऊन माफी मागावी. पेन्शन दरमहा बुडते, म्हणून केवळ उशिरामुळे दावा सहसा मरत नाही. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. २००९पासूनची बाकीची रक्कम बुडालीच म्हणा! ट्रंकेतले पत्र असे महाग पडते.

आणखी एक. अपंगत्व २० टक्के असले तरी मंजुरीनंतर पेन्शन ५० टक्क्यांच्या हिशेबाने मागता येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा राम अवतार निकाल पाहावा.

मेहुण्यांना सांगितले, डिस्चार्ज बुक, नकाराचे पत्र आणि बोर्डाचे कागद घेऊन अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बोर्डाचे कागद नसतील तर माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. सोमवारी निघतो म्हणाले.