किन्हीराजाचा पाऊस, दोन किलोबाइटमध्ये

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे महसूल मंडळ आहे. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. ज्याचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, त्याचं सारं लक्ष या एका आकड्याकडे असतं. २०१७ पासून महावेध प्रकल्पातून राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. यंत्र पाऊस कसा मोजतं आणि कसा कळवतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पर्जन्यमापकात दोन खणांची छोटी पळी डोलत असते. एक खण भरला की ती कलते, पाणी सांडतं, दुसरा खण धारेखाली येतो. दर खेपेला चुंबकामुळे एक स्विच क्षणभर मिटतो. एका खेपेला ०.२ मिलिमीटर धरले, तर ६५ मिलिमीटरला ३२५ खेपा. त्या मोजतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक.

विद्यार्थी वापरतात तो अर्डुइनो उनो हा बोर्ड घ्या. त्याच्या चिपची रॅम अवघी २ किलोबाइट. माहिती पाठवायची जेसॉनमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला त्याच्या नावाची चिठ्ठी लावून. ‘किन्हीराजा’ हे नाव देवनागरीत लिहिलं की एवढ्यातले ३० बाइट गेले! म्हणून सगळा मजकूर आधी रॅममध्ये जुळवत बसायचं नाही. कंस, नाव, आकडा, स्वल्पविराम असं एकेक बाहेर सोडत जायचं. ठरलेली नावं चिपच्याच ३२ किलोबाइटच्या फ्लॅश या कायमस्वरूपी स्मृतीत ठेवायची. शेवटच्या आकड्यानंतर एक स्वल्पविराम जादा पडला, तरी घेणारा संगणक अख्खी नोंद नाकारू शकतो.

पण खरी कसोटी वेगळीच. बॅटरी उतरली आणि तासभर मोजणीच झाली नाही, तर त्या तासाचा पाऊस काय लिहायचा? घाईत शून्य लिहिलं जातं. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला जेसॉनमध्ये ‘नल’ (null) हा वेगळा शब्द आहे, आणि तो लिहायला चिपला जेमतेम चार बाइट लागतात. पळीवरच्या गाळणीत पाला अडकला, तर मात्र चिपलाही काही कळत नाही; तिथे माणसानेच जाऊन बघावं लागतं.

गावाच्या शाळेत किंवा शेतावर असं यंत्र जोडणाऱ्या मुलामुलींना एवढीच विनंती: मोजलं नसेल तिथे शून्य लिहू नका, आणि मृग लागायच्या आत गाळणी साफ करा.