मानेतील धमनी : अरुंद किती आणि धोक्याची किती?

बँकेत कर्जाच्या रकमेइतकाच ते बुडण्याचा धोकाही पाहावा लागे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मानेतील कॅरोटिड धमनीचेही तसेच आहे. ती किती अरुंद झाली, एवढेच पाहून भागत नाही. आत साचलेल्या चरबीच्या थरावरचे आवरण पातळ होऊन फाटले, तर तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकू शकते. दाहामुळे हे आवरण कमकुवत होते. रक्तातील सीआरपी दाह दाखवते. एमएमपी-९ हे आवरण झिजवणारे एन्झाइम. मात्र संधिवाताने किंवा छातीतल्या संसर्गानेही सीआरपी वाढते. त्यामुळे थर पाहायला डॉपलर सोनोग्राफीसारखी तपासणी लागतेच.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे हे पाच मिनिटांत थांबले, तरी ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.