आठ आणि सहा

ल्यूटनमधल्या केनिलवर्थ रोड मैदानाचं एक दार चक्क घरांच्या रांगेत आहे. ओक रोडवरची घरं भिंतीला भिंत लावून उभी, आणि मधेच प्रेक्षकांचं फाटक. आतले जिने चढू लागलं की खाली लोकांची परसं दिसतात. याच मैदानावर १३ एप्रिल १९३६ रोजी ल्यूटनच्या जो पेन या खेळाडूने एका सामन्यात दहा गोल केले. इंग्लिश लीगमधला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या दहा गोलांचं त्याच्या हाती काय पडलं असेल, हे मला जाणून घ्यायचं होतं.

"आठ आणि सहा," तिथले एक वृद्ध फुटबॉलप्रेमी म्हणाले. हंगामात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. १९२२ साली लीगने घातलेली ही कमाल मर्यादा. जिंकल्यास वर दोन पौंड, बरोबरी झाल्यास एक. गोल दहा करा नाहीतर एकही करू नका.

बोलताना त्यांचे हात जुन्या धाटणीच्या चेंडूवर चालले होते. चामड्याच्या फटीतून रबरी ब्लॅडर आत सारायचं, हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने घट्ट बांधायची आणि आत दडपायची. मग आरीने चामड्याची वादी एकेका भोकातून ओढत फट शिवायची. शेवटची गाठ त्यांनी अंगठ्याने दाबदाबून सपाट केली, तरी ती बोटाला लागतच होती. डोक्याने चेंडू मारताना हीच शिवण कपाळावर बसे. चामड्याला चोळायच्या डबिनचा वास, चरबी आणि मेणाचा, बराच वेळ माझ्या हाताला राहिला. १९३७ मध्ये नियमाने चेंडूचं वजन वाढवून १४ ते १६ औंस केलं. पण ते सामना सुरू होतानाचं. चिखलपाणी प्यायलेला चेंडू नव्वदाव्या मिनिटाला किती भरतो, याची नियमाला फिकीर नव्हती. बदली खेळाडूची सोयही नव्हती. डोकं फुटलं तर पट्टी बांधून परत मैदानात.

पेन डर्बीशरच्या बोल्सओव्हर भागातला, कोळशाच्या खाणीतून आलेला. ल्यूटनच्या राखीव संघात हाफबॅक. नेहमीचे सेंटर फॉरवर्ड जखमी, म्हणून त्या दिवशी त्याला पुढे उभं केलं. ल्यूटनने ब्रिस्टल रोव्हर्सला १२-० असं धुतलं. पुढच्या हंगामात त्याने लीगमध्ये ५५ गोल केले आणि संघ तिसऱ्या डिव्हिजनमधून वर गेला. पगाराची मर्यादा? आठ आणि सहा.

खाणकामगाराच्या मानाने आठ पौंड पुष्कळच होते, हे खरं. म्हणून तर खाणींच्या गावांतली पोरं या धंद्यासाठी जीव टाकत. पण तिसऱ्या डिव्हिजनमध्ये कितीकांच्या हाती आठ पौंड येतच नसत, आणि उन्हाळ्यात दुसरं काम शोधावं लागे. १९३१ च्या ऑक्टोबरात विगन बरो क्लबने बारा सामन्यांनंतर लीगच सोडली, तेव्हा तिथले खेळाडू ऐन हंगामात उघड्यावर पडले.

मला सर्वांत जाचक वाटतो तो करार. तो एका वर्षाचा, पण संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत. क्लब पगार बंद करू शके आणि तरीही त्याला दुसरीकडे जाऊ देत नसे. मात्र क्लबला त्याला विकता येई. १९२५ मध्ये ट्रॅनमिअर रोव्हर्सने अठरा वर्षांच्या डिक्सी डीनला एव्हर्टनला दिलं ते तीन हजार पौंडांना. हा व्यवहार मला माणसांच्या खरेदी-विक्रीच्या फार जवळचा वाटतो. 'ट्रान्स्फर' म्हटल्याने तो सोज्वळ होत नाही.

पेनही १९३८ मध्ये चेल्सीला गेला. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलं, जेमतेम तीन सामने होऊन लीग थांबली आणि खेळाडूंचे करार रद्द झाले. आठही गेले, सहाही गेले. युद्धानंतर तो थोडे दिवस वेस्ट हॅमकडून खेळला. पगाराची कमाल मर्यादा उठली १९६१ साली. तेव्हा पेन सत्तेचाळीस वर्षांचा होता.